कडूबाचं बैरंग टपाल

मराठी मासिकांच्या संपादकांवर माझा राग आहे आणि तो मी लपवत नाही. 'नवोदित कथालेखकांना सुवर्णसंधी' असं छापून हे लोक पुण्यात चहा पीत बसतात आणि इकडे जालन्यात आमच्या धंद्याचा खेळखंडोबा होतो. माझं मस्तगडात शिवणकामाचं दुकान. त्याला लागून कडूबाचं घोंगड्यांचं. ती जाहिरात कडूबाच्या हाती लागली आणि त्या दिवसापासून गिऱ्हाईक "घोंगडी दाखवा" म्हणालं की हा म्हणायचा, "जरा दम धरा, नायिका नदीवर जाऊन राह्यली." मग ते गिऱ्हाईक माझ्या दुकानात येऊन गप्पा छाटत बसायचं.

कडूबाचं घराणं मेंढरं राखणारं, मूळ राजूरकडचं. बापानं मेंढरं विकून शहरात दुकान टाकलं आणि दोन वर्षांत वारला. राहिली आई, झुंबरबाई. तिची आधीची चार लेकरं वर्षाच्या आत गेलेली. म्हणून पाचव्याचं नाव कडू ठेवलं. कडू जिन्नस यम तोंडात घालत नाही, अशी आमच्याकडची समजूत. यमानं खरंच घातला नाही. पुढं संपादकांनीही घातला नाही, ते वेगळं.

शाळा निजाम सरकारची, म्हणजे उर्दू. मराठी त्यानं पंचांग, पोथ्या आणि एका वकिलाच्या घरून रद्दीत आलेली मासिकं वाचून कमावली. त्यामुळे त्याच्या कथेतली पुण्याची नायिका तुळशीला पाणी घालता घालता पाहुण्याला "तशरीफ ठेवा" म्हणायची. आणि शेवटी मरायची. पहिली क्षयानं मेली, दुसरी विहिरीत, तिसरी नुसतीच.

"अरे, एखादीला तरी जगू दे," मी म्हणायचो.

"मास्तर, मेल्याबिगर वाचणारा रडत न्हाई, अन् तो रडल्याबिगर संपादक छापत न्हाई," कडूबा म्हणायचा. कपडे शिवणाऱ्याला सगळेच मास्तर म्हणतात, पण माझं ऐकत कोणी नाही.

जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरात एक अट होती. नापसंत कथा परत हवी असेल, तर पत्ता लिहून तिकीट लावलेलं पाकीट सोबत जोडावं. आता जालन्यात तेव्हा टपाल दोन. एक निजाम सरकारचं, ते राज्याच्या आत चालायचं. दुसरं इंग्रजांचं, स्टेशनकडे, बाहेर मुलखात पत्र धाडायचं तर तिथं जायचं. कथा कडूबानं इंग्रजी टपालातून बराबर पाठवली. पण परतीच्या पाकिटावर त्यानं निजामी तिकीट चिकटवलं.

"पाकीट येणार कुठं? आपल्या राज्यात. मंग तिकीट आपल्याच राज्याचं पाहिजे का न्हाई?" त्यानं मला विचारलं. मला ते बिलकुल पटलं. दोन शहाणे एका जागी बसले की असंच होतं.

नक्कल ठेव म्हटलं, तर म्हणाला, "छापून आली की तीच नक्कल." अशा पाच वर्षांत सात कथा गेल्या. एकही परत आली नाही. परत आली नाही म्हणजे पसंत पडली, हा कडूबाचा हिशेब. अंकात नाव दिसत नाही म्हणून कोणी टोकलंच तर म्हणायचा, "नंबर लागायचाय अजून. पुण्यात लेखक लई." हळूहळू मस्तगड त्याला लेखकसाहेब म्हणू लागलं. मीही त्याला एक कोट शिवून दिला, दौतलेखणीचा खिसा लावून. याची मला अजून लाज वाटते.

मग एका श्रावणात राधाकिसन टपालवाल्यानं दुकानात एक कार्ड आणून दिलं. कडूबानं दोनदा वाचलं, घाम पुसला आणि माझ्याकडे सरकवलं. मी मोठ्यानं वाचलं.

"स. न. वि. वि. आपण कथा पाठवता, आम्ही साभार परत करतो, आपण ती स्वीकारत नाही. असे सात वेळा घडले. निजामी तिकीट इकडे चालत नसल्याने पाकीट बैरंग होते, म्हणजे पैसे घेणाऱ्याने भरायचे. ते आपण भरत नाही आणि पाकीट पुन्हा आमच्या माथी येते. सातव्या कथेसोबत तर ती पसंत असल्याचे पत्र होते. फक्त शेवट बदलून हवा होता. उत्तर न आल्याने दिवाळी अंकातली जागा दुसऱ्यास दिली. आता सातही कथा एका पुडक्यात शेवटच्या पाठवीत आहोत. परत आल्यास रद्दीत घालू."

कडूबा राधाकिसनकडे बघत राहिला. राधाकिसन स्वतःच्या वहाणांकडे बघत होता.

"मला गणपतीची शपथ घातलीय," तो म्हणाला. "राजूरच्या. तुझ्या मायनं."

झालं होतं असं. आमच्याकडे मयताचं पत्र मुद्दाम बैरंग टाकायचे. पैसे वसूल करायचे म्हणून टपालवाला ते हमखास हातात नेऊन देतो. झुंबरबाईला भाऊ गेल्याचं कळलं ते बैरंग पत्रानं, बहिणीचंही तसंच. आणि एक दिवस राधाकिसन दारात येऊन म्हणाला, "कडूबाच्या नावचं बैरंग हाय." चार लेकरं पुरलेल्या बाईला हे ऐकून काय वाटलं असेल? तिनं उंबऱ्यात आडवा हात धरला आणि पाकीट आल्या पावली परत लावलं. वर शपथ घातली, की पोराला सांगायचं नाही, आणि पुन्हा आलं तर आधी माझ्याकडे आणायचं. असं सात वेळा.

कडूबा तणतणत घरी गेला. मी मागोमाग, कारण तमाशा फुकट होता.

"माय, माझं नाव छापून येणार होतं! तू दारातून लावून दिलं!"

झुंबरबाई भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही. "नाव घेऊनच आल्ता यम, तुझं. मी म्हटलं, इथं त्या नावाचं कोणी न्हाई. सातदा म्हटलं. तू जिता हाय का न्हाई?"

कडूबा ओट्यावर डोकं धरून बसला. मी त्याला हळूच म्हटलं, "उद्या सरळ स्टेशनवर जा आणि पुडकं सोडवून आण. म्हातारीला कळायचंही नाही." रद्दीत गेलं तर पाच वर्षं पाण्यात, दुसरी नक्कल नाही. पण हा मान हलवत राहिला.

"सातदा तिनं माझ्यापायी यमाला हाकललं, मास्तर. चोरून कसं घेऊ? तिनं घेतलं तर घेऊ."

मी त्याला गाढव म्हणालो. मनातून मात्र कोट वाया गेला नाही असं वाटलं.

चौथ्या दिवशी राधाकिसन पुडकं घेऊन दारात उभा राहिला. कडूबा आत, मी ओट्यावर, झुंबरबाई उंबऱ्यात.

"बैरंग हाय, आत्या," राधाकिसन चोरट्या आवाजात म्हणाला. "कडूबाच्या नावचं."

म्हातारीनं मागं वळून पोराला विचारलं, "काय हाय यात?"

"माझ्या कथा."

"त्यात कोणी मरतं का?"

मी डोळे मिटले. आयुष्यात एकदा खोटं बोलायची वेळ येते, आणि हे पोर नेमकं खरं बोलणार, हे मला ठाऊक होतं.

"मरतात," कडूबा म्हणाला. "सातीच्या साती मरतात."

"बघ!" झुंबरबाई माझ्यावर ओरडली, जसं काही मीच मारल्या होत्या. "मयताचंच टपाल हाय हे. मला बराबर वास येत होता!"

तिनं उंबऱ्यात हात आडवा धरला. राधाकिसन पुडकं काखेत मारून वळला. कडूबा पुडक्याकडे बघत उभा राहिला, आणि त्याचा चेहरा मला बघवेना. तो म्हातारीलाही बघवला नसावा. "थांब रे," ती म्हणाली. तिनं पदराची गाठ सोडली. राधाकिसनच्या हातावर पैसे मोजले. पुडकं तिनं आधी आपल्या छातीशी धरलं, म्हणजे जे काय यायचं ते आधी तिला यावं.

"घे," मग ती कडूबाला म्हणाली. "पण त्या पोरी जित्या कर."

गंमत बघा. पुडक्यात संपादकाचं ते जुनं पत्र होतं. शेवटात बदल हवा तो हाच, की नायिकेला मारू नये. जन्मभर साहित्य वाचलेला संपादक आणि एक अंगठाबहाद्दर म्हातारी एकाच मताला आले, आणि मी तर पहिल्या दिवसापासून तेच सांगत होतो, पण मला कोण विचारतो!

सातवी जिवंत झाली आणि पुढच्या साली फाल्गुनच्या अंकात छापून आली. लेखक म्हणून कडूबाचं नाव आईनं ठेवलं तसंच. त्यानं अंक वाचून दाखवला, तेव्हा शेवटच्या ओळीत नायिका डोळे मिटून निजते हे ऐकून झुंबरबाईनं एवढंच विचारलं, "निजली फक्त ना? मेली न्हाई ना?"

उरलेल्या सहा जणीही त्यानं जित्या केल्या आणि एकेक करून पाठवल्या. या खेपेला परतीच्या पाकिटावर इंग्रजी तिकीट होतं. त्यातली एकही छापली नाही. सहाच्या सहा साभार परत आल्या. कडूबा प्रत्येक वेळी दोन दिवस जेवायचा नाही. झुंबरबाई मात्र राधाकिसन दिसला की उंबऱ्यात यायची, पाकीट दोन्ही हातांनी घ्यायची आणि त्याला गुळाचा खडा द्यायची.

एकदा मी वैतागून म्हटलं, "आत्या, पोराची कथा नाकारली की हो त्यांनी. गूळ कसला वाटता?"

"नाकारू दे की," ती म्हणाली. "माझी चार गेली, त्यातलं एक तरी आलं का परत? हे येतंय ना. परत येतंय म्हंजी जितं हाय."