तिसरा अंक परवान्यानंतर

आमच्या घराण्यातला मी पहिला बी.ए. मुरबाडसारख्या गावातून थेट ठाण्याच्या सरकारी कचेरीत खुर्ची मिळाली, याचं मला इतकं अप्रूप होतं की सुरुवातीला मी त्या खुर्चीवर नीट टेकूनही बसत नसे.

त्या काळी नाटकाच्या प्रयोगाला आमच्या कचेरीचा परवाना लागे. आलेली नाटकं तपासायला एक वाचक नेमलेले होते. पुढे सरकारने खर्च कमी करायचा ठरवला आणि त्यांची जागा कापली. नाटक तपासल्याशिवाय परवाना नाही, ही अट मात्र कापायची राहिली. नाटकं कपाटावर साचली. आमच्या साहेबांना बारीक अक्षर वाचवेना. शेवटी त्यांनी तोडगा काढला, ज्याला परवाना हवा त्याने येऊन स्वतः वाचून दाखवावं.

गणपतीच्या दिवसांत डोंबिवलीचे एक शाळामास्तर आले. नाटक त्यांनीच लिहिलेलं. मंडपात स्टेज उभं राहिलं होतं, परवाना नाही मिळाला तर पडदा उघडणार नव्हता. मास्तर सगळ्यांचे आवाज काढून वाचू लागले. शेजारच्या खात्यातले कारकूनही दाराशी येऊन उभे राहिले. दुसऱ्या अंकाच्या शेवटी खर्चाच्या भीतीने भाचीचं लग्न अडवून बसलेला कंजूष मामा तिचं बोलणं चोरून ऐकायला धान्याच्या रिकाम्या कणगीत शिरतो आणि भाची वरून झाकण लावून त्यावर पाटा ठेवते. इथे मास्तरांनी कागद मिटले.

साहेबांनी विचारलं, "मग? मामा बाहेर येतो की नाही?"

"ते परवान्यानंतर, साहेब."

"अहो मास्तर, नियम आहे. पूर्ण ऐकल्याशिवाय सही होत नाही."

मास्तर नम्रपणे म्हणाले की शेवट आधीच फुटला तर प्रयोगाला कोण येणार, आणि या कचेरीतल्या निम्म्या लोकांची घरं डोंबिवलीतच आहेत. दाराशी उभे असलेले कारकून खाली बघू लागले. साहेबांनी पेन उघडलं. मग सही केली, आणि उरलेली तपासणी आपण जागेवर येऊन करू, असं बजावलं.

प्रवासभत्ताही कापलेला असल्यामुळे साहेब प्रयोगाला स्वतःच्या खर्चाने डोंबिवलीला आले. मला बरोबर घेतलं. दुसरा अंक संपला, पडदा पडला, तो उघडेचना. लोक चुळबुळ करू लागले. साहेबांनी मला आत पिटाळलं.

आत मास्तर पेन्सिल चावत पेटीवर बसले होते. नट त्यांच्याभोवती उभे. तिसरा अंक लिहून झालेलाच नव्हता. गणपतीच्या धामधुमीत वेळ कुठला, ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "जरा साहेबांना विचारता का, मामाला बाहेर काढू की नको?"

मी निरोप नेला. साहेबांनी डोळे मिटून विचार केला, कचेरीत कठीण कागदावर करत तसाच.

"काढा म्हणावं," ते म्हणाले. "पण आधी आतूनच भाचीच्या लग्नाला होकार घ्या."

पडदा उघडला. कणगीतून मामाचा होकार आला तेव्हा पहिली टाळी साहेबांची होती.