गुरूवरचा ठिपका

राजारामपुरीत बाळासो मोहित्यांचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या अल्बममधले चेहरे उजळण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. कागलचा कृष्णात मात्र त्यांच्याकडे आला तो वेगळ्याच फोटोंसाठी.

कृष्णात डेअरीत दूध तपासायचा आणि संध्याकाळी गच्चीवर छोटी दुर्बीण लावून ग्रहांचे व्हिडिओ घ्यायचा. हवेमुळे ग्रह पाण्यात पडल्यासारखा थरथरतो. म्हणून व्हिडिओतली स्थिर चित्रं तेवढी निवडायची, एकावर एक बसवायची आणि त्यातून एक फोटो काढायचा. बाळासोंना हे काम इतकं आवडलं, की ते गिऱ्हाईक ताटकळत ठेवून शनीची कडी उजळत बसत. कृष्णातच्या लॅपटॉपमध्ये जागा नसे, त्यामुळे मूळ व्हिडिओ स्टुडिओतच राहत.

ऐन लग्नसराईत एकदा कृष्णात गुरूचा व्हिडिओ घेऊन आला. "दादा, कडेला एक ठिपका चमकून गेला. बघा की जरा."

बाळासोंनी व्हिडिओ पळवत पाहिला. त्यांना काही दिसलं नाही. कॅमेऱ्याचा दोष असेल, म्हणाले. फोटो सुरेख उतरला. कॉम्प्युटर भरला होता, म्हणून त्यांनी मूळ व्हिडिओ पुसून टाकला.

पुढच्या आठवड्यात कृष्णातचा फोन आला. परदेशातल्या दोघा हौशी लोकांनी त्याच वेळी गुरूवर काहीतरी आदळताना टिपलं होतं, आणि आणखी कुणाकडे चित्रण आहे का, अशी विचारणा चालली होती. मूळ व्हिडिओ न्यायला तो लगेच निघणार होता.

"येऊ नकोस," बाळासो म्हणाले. "पुसला मी त्यो."

कृष्णात म्हणाला, "आसू दे. तुम्हाला तरी काय म्हाईत."

बाळासोंनी कॉम्प्युटर शाहूपुरीतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. पुसलेल्यातली कुणाचीतरी वरात परत आली, गुरू आला नाही. तयार फोटोत तो ठिपका नव्हताच. क्षणभराची चमक निवडीत गळून गेली होती.

महिन्याभराने ते कागलला गेले. काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं. कृष्णातच्या बायकोने, लीलाने, चहा दिला. दुर्बीण जिन्याखाली चादरीत गुंडाळलेली होती. कृष्णात दुधाच्या दराचं आणि मुलीच्या दहावीचं बोलत राहिला. बाळासोंना चुकलं म्हणायचं होतं. त्याऐवजी ते म्हणाले, "परत लाव की दुर्बीण."

"बघू," कृष्णात म्हणाला.

त्याला दोन वर्षं झाली. लग्नाकार्यात दोघे भेटतात, शेजारी बसून जेवतात, घरच्यांची विचारपूस करतात. आभाळाचा विषय मात्र कोणी काढत नाही.