फायलीची गाठ

प्राध्यापकपदाची मुलाखत संपल्यावर गणित विभागाच्या शिपायाने माझ्या शोधनिबंधांची फाईल परत आणून दिली. अर्जासोबत दिलेली ती एकमेव प्रत. तिच्या पांढऱ्या फितीकडे पाहून मी थबकले. माझे संशोधन गाठींच्या गणितातले आहे. मी घातलेली गाठ तशीच होती, एकही वेढा हललेला नव्हता.

पाच मिनिटांपूर्वीच समितीचे अध्यक्ष म्हणाले होते, "मॅडम, निबंध बारकाईने वाचले. खोली कमी पडते."

नाकारण्याचा त्यांचा अधिकार मला मान्य आहे. पण न उघडता नाकारणे हा निव्वळ आळस आहे, आणि त्यावर विद्वत्तेचा कोट चढवलेला आहे.

मी आत परतले. फाईल त्यांच्यासमोर ठेवून म्हणाले, "सर, खोली कोणत्या पानावर कमी पडते, तेवढे दाखवा."

अध्यक्षांनी फितीकडे हात नेला आणि मागे घेतला.