इक्बालच्या फोनात माझं सिम

आमचं लग्न अकरा दिवसांत ठरलं होतं. मोबाइल ठरवायला मला चार महिने लागले. यात घाई नको तिथे झाली, असं माझ्या बायकोचं, वैशालीचं, म्हणणं आहे.

जुन्या फोनची पाठ फुगली होती. टेबलावर ठेवला की तो हळूहळू गोल फिरायचा आणि कुणाचा फोन आला की जरा जोरात फिरायचा. बोलताना समोरच्याचा आवाज मधेच जायचा, मग मी ओरडायचो, मग वाडीतली माकडं पळायची. तेवढा एक फायदा होता त्याचा. पण नवा घेणं भागच होतं, कारण वैशालीने मागच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी तयार केल्या होत्या.

या खोल्यांचं सांगायला हवं. आमची सुपारीची वाडी म्हसळ्यापासून अर्ध्या तासावर, खाडीच्या काठी. या दोन खोल्यांत आमच्या आजोबांपासून सुपारीची पोतीच राहत आली. वैशालीने हट्टाने त्या रिकाम्या केल्या, रंग दिला, पलंग टाकले, पडदे स्वतः शिवले. अण्णांना (माझे थोरले भाऊ, वाडी त्यांच्या शब्दावर चालते, मी नुसता सातबाऱ्यावर असतो) हे मुळीच पटलं नव्हतं. त्यांनी सरळ सांगून टाकलं, "होळीपर्यंत एक तरी पाहुणा आणून दाखवा. नाहीतर पोती परत आत."

वैशाली रोज सकाळी त्या रिकाम्या खोल्यांचा केर काढायची, चादरी झटकायची, आणि पाहुणे कसे येतील ते बघायचं काम माझ्याकडे होतं. म्हणजे फोनचं काम. म्हणजे आधी फोन घ्यायचं काम.

मी तीनदा म्हसळ्याला गेलो. दुकानदार विचारायचा, कॅमेरा हवा की बॅटरी हवी? मला वाटायचं, दोन्ही त्याच फोनात नसतात की काय! तो एकेक फोन पुढे ठेवायचा आणि मी एकेक उलटा करून बघायचो. फोन उलटा करून काय कळतं ते मला माहीत नव्हतं, पण माझ्या शेजारचं गिऱ्हाईक तसंच करत होतं. शेवटी "विचार करून सांगतो" म्हणून मी घरी यायचो आणि अंगणात फेऱ्या मारत विचार करायचो. पडवीतून अंगणात, अंगणातून पडवीत. बसून विचार करणं मला जमत नाही. उभं राहूनही फारसं जमत नाही.

खरी भानगड रेंजची होती. आमचं गाव खोलगट जागी आहे. अख्ख्या गावात धड रेंज येते ती एकाच ठिकाणी, टेकाडावर, स्मशानाच्या शेडमध्ये. तिथे बसायला बाक आहे, छप्पर आहे, समोर खाडी दिसते. गावातली निम्मी लग्नं त्या बाकावरून ठरलेली आहेत. "वर जाऊन येतो" असं कुणी म्हणालं तर आमच्याकडे कुणी घाबरत नाही, फोन करायला गेला असेल म्हणतात.

तेव्हा मी ठरवलं, कॅमेरा खड्ड्यात जाऊ दे. ज्या फोनला आपल्या अंगणात रेंज येईल तो आपला फोन. आणि हे दुकानात कळत नाही. मग मी गावातल्या लोकांचे फोन थोड्या वेळासाठी मागून आणायला लागलो. घरोघर जायचं, फोन मागायचा, वैशालीच्या सेफ्टी पिनेने त्यातलं सिम काढायचं, माझं घालायचं, आणि अंगणातून स्मशानापर्यंत रेंजच्या कांड्या मोजत चालत जायचं. लोक आधी देत होते. नंतर मला येताना बघून फोन चार्जिंगला लावायला लागले.

शेवटी राहिला इक्बाल. इक्बाल माझा शाळेतला बाकावरचा सोबती. पंचवीस वर्षं कुवेतला काढून आता गावात असतो, सगळं गाव त्याला इक्बालभाई म्हणतं. त्याच्या मुलाने, शकीलने, तिकडून त्याला भारी फोन पाठवला होता. इक्बालच्या पडवीत बसलं की त्यावर सगळं झरझर चालायचं, व्हिडिओसुद्धा अडकायचा नाही. मला वाटलं, सापडला! (त्याच्या घरी वायफाय आहे आणि ते फोनमुळे नसतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.)

इक्बालने मागितल्याबरोबर दिला. मी त्याचं सिम काढून त्याच्या हातात ठेवलं, माझं घातलं आणि निघालो. आमच्या अंगणात एकही कांडी नाही. टेकाडावर पोचलो तर चार, आणि तेवढ्यात फोन वाजला.

पुण्याच्या एक मॅडम होत्या. आमचा नंबर त्यांना कुणाकडून तरी मिळाला होता. नऊ मैत्रिणी, शनिवार-रविवार, दोन खोल्या पुरतील का? पुरतील म्हणजे काय, धावतील! त्या म्हणाल्या, फोटो आणि लोकेशन व्हॉट्सअॅपवर टाका, मग पक्कं. मी धावत घरी आलो, खोल्यांचे आठ फोटो काढले, पडद्यांचे जवळून दोन काढले, धावत पुन्हा टेकाडावर गेलो, मॅडमचा नंबर घातला आणि फोटो पाठवले. "आपले आमच्या घरी सहर्ष स्वागत आहे" असंही लिहिलं. मग लोकेशन पाठवलं. जिथे बसलो होतो तिथूनच पाठवलं, कारण घरी रेंज नव्हती.

आता हुशार वाचकाच्या दोन गोष्टी लक्षात आल्या असतील. माझ्या आल्या नाहीत. माझी समजूत अशी की सिम माझं, तर व्हॉट्सअॅपही माझंच. ते इक्बालचंच होतं. सगळे निरोप इक्बालच्या नावाने गेले होते. मी मात्र खुशीत त्याला फोन परत केला, माझं सिम कागदात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवलं, आणि वैशालीला सांगितलं की सगळं पक्कं झालं. ती पटकन खुर्चीवर बसली आणि पदराने डोळे पुसायला लागली. मलाही भरून आलं. अण्णांनी नुसतं "हं" केलं.

पुढचे पाच दिवस माझा नंबर माझ्या खिशात होता आणि मी दोन मॉडेलांपैकी कुठलं घ्यावं याच्या फेऱ्या मारत होतो. वैशाली दोनदा म्हणाली, मॅडमना एक फोन करून विचारा. मी म्हटलं, नवीन फोन घेतला की त्याच्यावरूनच करतो, उगाच दुसऱ्याचा फोन कशाला?

शनिवार उजाडला. वैशालीने मोदक केले, सोलकढी केली, घावन्यांचं पीठ तयार ठेवलं. अकरा वाजले, बारा वाजले, एक वाजला. मी फाटकापर्यंत जाऊन परत येत होतो. अण्णा पडवीत येऊन बसले. त्यांनी येताना एक सुपारीचं पोतं आणलं होतं आणि ते बरोबर त्या खोल्यांच्या दारात टेकवून ठेवलं होतं. अण्णांच्या वतीने पोतंच बोलत होतं. वैशाली मोदकांवरचं फडकं उचलायची, बघायची आणि पुन्हा झाकायची. माझ्याकडे मात्र ती बघत नव्हती.

दीडच्या सुमारास पाणी सोडणारा बाळाराम सायकलवरून आला आणि अण्णांना हळू आवाजात म्हणाला, "अण्णा, आपल्यातलं कोण गेलं? पुण्याच्या दोन गाड्या मसणात येऊन लागल्यात. नऊ बायका हायत. पण रडत कोण न्हाय, चिवडा खातायत."

अण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, खांद्यावर पंचा टाकला आणि चालू लागले. मी त्यांच्या पुढे पळत सुटलो. वाटेत बघतो तर अर्धं गाव खांद्यावर पंचे टाकून टेकाडाकडे निघालेलं! पुण्याला कुणी वारलं असेल, इथे आणलं असेल, आपण जायला हवं. आमच्या गावाला ही एक चांगली सवय आहे, कुणी गेलं तर नाव नंतर विचारतात. मी प्रत्येकाला सांगत होतो की कुणी मेलेलं नाही, पण मी रडवेला आणि धापा टाकत सांगत होतो, त्यामुळे लोक आणखी वेगाने चालायला लागले.

वर पोचलो तर शेड रिकामी. बाकावर चिवड्याची पिशवी. तिथे फोन करायला बसलेल्या एकाने सांगितलं, त्या बायकांनी फोन केला तसे इक्बालभाई जीप घेऊन आले, दोन्ही गाड्या मागे घेऊन घरी गेले.

मी इक्बालच्या घरी पोचलो तेव्हा नऊच्या नऊ बायका त्याच्या पडवीत पंगतीला बसल्या होत्या. झुबेदाभाभी वाढत होत्या, इक्बाल आग्रह करत होता. मला बघून त्याला आनंद झाला. म्हणाला, "ये विन्या, बस. शकीलचे मेहमान आलेत. चार-पाच दिवस मेसेज चाललेत आमचे."

मी म्हटलं, "इक्बाल, हे माझे पाहुणे आहेत."

"तुझे कसे? शकील तिकडनं माझं व्हॉट्सअॅप चालवतो. त्यानंच या म्हणून लिवलेलं हाय, फोटो पन टाकलेत. मना वाटलं त्याच्या ओळखीचे." मग जरा थांबून म्हणाला, "फोटोतल्या खोल्या आपल्या न्हायत, हे मना पन वाटलं होतं. पन पोराला काय म्हनायचं?"

मॅडमनी त्यांचा फोन उघडून दाखवला. त्यांनी विचारलं होतं, किती द्यायचे? इक्बालने लिहिलं होतं, घर तुमचं हाय, विचारता काय. त्यांनी विचारलं होतं, आम्हाला मासे चालतात, मिळतील? इक्बालने लिहिलं होतं, खाडी समोरच हाय. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पण तुम्ही कोण?"

घामाने निथळलेला मी, मागे दारात पंचे टाकलेले तीस-चाळीस लोक, सगळ्यात पुढे अण्णा. आणि त्या गर्दीतून वाट काढत वैशाली आली. तिच्या हातात मोदकांचं पातेलं होतं. ते तिने पंगतीच्या मधोमध ठेवलं आणि म्हणाली, "मॅडम, फोटोतल्या खोल्या माझ्या आहेत. पडदे मी शिवलेत. जेवा इथेच, भाभींच्या हाताची सर मला येणार नाही. पण झोपायला माझ्याकडे या. मी पाच दिवस तुमची वाट बघतेय."

मॅडम उठल्या आणि उष्ट्या हातानेच तिच्याजवळ गेल्या. नऊ जणी आमच्याकडे झोपल्या, इक्बालकडे जेवल्या आणि रविवारी दोन्ही घरच्यांच्या गळ्यात पडून गेल्या. रविवारी संध्याकाळी पाहिलं तर खोल्यांच्या दारातलं पोतं अण्णांनी स्वतः उचलून नेलं होतं.

सोमवारी वैशाली म्हसळ्याला गेली आणि सव्वा तासात फोन घेऊन आली. मी विचारलं, कॅमेरा बघितलास? बॅटरी? रेंज? ती म्हणाली, "रंग बघितला." आठवड्याने त्यावर त्या नऊ जणींपैकी कुणीतरी लिहिलेला आमच्या खोल्यांचा अभिप्राय आला. वैशालीने तो सगळ्यांना बसवून मोठ्याने वाचला. अण्णांनी दोनदा वाचायला लावला. खोल्या स्वच्छ, मोदक अप्रतिम, इक्बालभाई म्हणजे देवमाणूस, जरूर जा. आणि खाली एक सूचना होती: "अंगणात एक गृहस्थ दिवसभर इकडून तिकडे फेऱ्या मारत असतात. घाबरू नये, ते काही करत नाहीत."