किक मारणं हे काय काम आहे?

“सलीमभाई, नस काही दबली नाही. तुमचा सॅक्रोइलियक जॉइंट बिघडून राह्यला,” राऊत डॉक्टर एमआरआयची फिल्म उजेडात धरून म्हणाले. पाठीचा कणा खाली जिथे कंबरेच्या हाडाला जुळतो, तो हा सांधा. ऑपरेशन नाही, हे ऐकूनच मी अर्धा बरा झालो.

उरलेला अर्धा काही बरा होईना. आर्णीत माझं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. आमचं सगळं काम उकिडवं बसून, आणि चार महिने मला तसं बसताच येत नव्हतं. बसलो तर उठवायला दोन माणसं लागत. गोळ्या झाल्या, शेक झाला. स्टुलावर बसून कसंबसं रेटत होतो. असंच राहिलं तर गॅरेजला कुलूप, या भीतीनं घरात सगळ्यांवर खेकसत होतो.

एक दिवस डॉक्टरांनीच मला गाठलं. वय साठीला टेकलेलं, पण चेहरा नवी गाडी घेतलेल्या पोरासारखा.

“यवतमाळले क्लास लावला मी! ऑस्टिओपॅथिक मॅनिप्युलेटिव्ह ट्रीटमेंट. येता काय पेशंट बनून? सराव कराले माणूस पाह्यजे.”

म्हणजे सांधे-स्नायू हातानं चाचपायचे, हलकेच ताणून सैल करायचे. आधीच डॉक्टर असलेल्यांसाठीचं हे शिक्षण. माझी बायको शबाना म्हणाली, “सबकी गाडी सुधारते, अब अपना चेसिस भी दिखा लो.”

वर्गात केस पिकलेले डॉक्टर वह्या उघडून बसलेले. शिकवणाऱ्या मॅडम त्यांच्या मुलीच्या वयाच्या. राऊत डॉक्टरांनी माझी कंबर चाचपून मॅडमना सांगितलं, “वजन उचलत नाहीत, पडले नाहीत. बैठं काम.”

मॅडम म्हणाल्या, “काका, गॅरेजमध्ये दिवसभर जे करता, ते इथे करून दाखवा. बोलू नका.”

मी हवेतच पाना फिरवला, चेन ताणली, हात पुसले आणि सवयीनं किक मारली. एक, दोन... तिसरीला ओरडलोच.

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. “दिवसाला अशा किती?”

“गाडी सुधरली का नाही पाहाले माराच लागते,” मी म्हणालो. “ते काय काम आहे?”

तीस वर्षं, त्याच उजव्या पायानं, आणि प्रत्येक झटका त्याच सांध्यावर. बटणावर सुरू होणारी गाडीही मी किक मारूनच पास करायचो, कारण बटण फसवतं, किक फसवत नाही, असं आम्ही मेकॅनिक मानतो. ‘काय उचलता?’ असं सगळ्यांनी विचारलं आणि मी खरं तेच उत्तर दिलं. किकचं कोणाला सांगावं, हे डोक्यातच आलं नाही.

मग मसल एनर्जी टेक्निक. मी पाय ढकलायचा, डॉक्टरांनी हातानं अडवायचा, मग सैल सोडायचं. मॅडम डॉक्टरांचा हात बोटभर सरकवत आणि आमचे साठीचे डॉक्टर “जी मॅडम” म्हणत. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! डॉक्टरीही बोटांनीच शिकायची असते तर! बेअरिंग गेलं की आमच्याही बोटांनाच आधी कळतं.

जादू झाली नाही. सहा आठवडे दर गुरुवारी दवाखाना, घरी व्यायाम आणि किक बंद. तुमचीही कंबर धरली असेल तर आधी तपासण्या करून घ्या. आणि ज्याला तुम्ही काम समजत नाही, तेही डॉक्टरांना सांगा.

परवा राऊत डॉक्टर त्यांची जुनी स्कूटर घेऊन आले.

“साहेब, किक तुम्हीच मारा. माह्या डॉक्टरनं मले मना केलं.”

त्यांनी मारली. पाच वेळा. घाम फुटला, गाडी ढिम्म. “थांबा, पाह्यतो,” म्हणून मी प्लग काढला, घासला, परत बसवला. वर पाहिलं तर डॉक्टर किक विसरून माझ्याकडेच बघत होते.

“सलीमभाई, आता उठून दाखवा बरं.”

तेव्हा कुठे मला कळलं, मी उकिडवा बसलो होतो.

उठलो. एकटाच.