चंदाचा अंगठा

अकोल्याच्या जुन्या शहरात जीवन बोळेचं मूर्तींचं शेड अठरा वर्षं चाललं. पत्र्याचं लांबट शेड, आत शाडूचे ढीग, सुतळी, काथ्या आणि रंगाचे डबे. गणपती तर तो करायचाच, पण त्याचं नाव झालं ते नवरात्रातल्या देवींमुळे. देवीचे चेहरे चारचौघांसारखेच असत. हात मात्र त्याच्यासारखे कुणी करत नसे. पेरांवरच्या रेघा, नखाच्या मुळाशी फिकट चंद्रकोर, मनगटावर दिसेल न दिसेल अशी शीर. हात मूर्तीला शेवटी जोडायचे म्हणून ते दोरीला टांगून वाळत ठेवलेले असत. शेडमध्ये शिरणाऱ्याच्या डोक्यावर एका वेळी पन्नास-साठ हात लोंबायचे.

जीवन मळ्यातला. वडील उत्तमराव आणि आई पार्बताबाई शहराबाहेर वांगी, मेथी आणि झेंडू पिकवत. मुलगा मातीतच राहिला, फक्त वेगळ्या मातीत, असं उत्तमराव गमतीनं म्हणत. जीवनची बायको साधना अंगणवाडीत होती. घर ठीक चाललं होतं.

चार वर्षांपूर्वी श्रावणात अकोटजवळच्या एका गावातल्या बाया देवी ठरवायला आल्या. त्यांच्यात चंदा होती. तिशीची, काटक. उजवा हात तिनं पदराखाली धरला होता. बाकीच्या बाया उंचीचं आणि साडीच्या रंगाचं बोलत होत्या. चंदा वर टांगलेले हात बघत उभी होती. एकदम हसून म्हणाली, "दहा-दहा हात देवीले! त्यातला एक मले देल्ला असता त काय बिघडलं असतं?"

बाया हसल्या. जीवनही हसला. मग तिनं पदर बाजूला केला. दोन वर्षांपूर्वी ढोरांसाठी कडब्याची कुट्टी करताना मशीननं तिची चार बोटं नेली होती. तळव्याचा बुंधा आणि अंगठा तेवढा उरला होता.

"करून पाहू का?" जीवन म्हणाला.

"काय?"

"हात."

त्याला तेव्हा काहीच येत नव्हतं. पण त्या दिवशी देवीचा डोळा रेखतानाही त्याच्या मनात तो बुंधाच होता. कातडी कशी ओढली गेलीय, शिवण कुठे आहे, तिथून बोट निघालं तर कोणत्या कोनात निघेल. पुढच्या आठवड्यात तो अकोटच्या बसमध्ये बसून चंदाकडे गेला आणि दोन्ही हातांचे साचे घेऊन आला. नवरात्र संपल्यावर त्यानं बाकी सगळं बाजूला सारलं. मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ बघितले, भाषा कळत नव्हती तर नुसते हात बघितले. सिलिकॉन मागवलं. पहिली बॅच चिकट राहिली, दुसरी फाटली, तिसरीचा रंग मेणासारखा आला. त्याला त्याचं काही वाटेना. शाळेत असताना पहिल्यांदा चिखलाचा बैल उभा राहिला होता, तसं त्याला रोज वाटत होतं.

"गणपतीचे साचे कवा काढसान?" साधनानं विचारलं.

"औंदा नाही करत."

"मंडळायले काय सांगसान?"

"सांगीन, मले आता दुसरं काम सापडलं म्हणून."

माघात हात तयार झाला. चंदाच्या डाव्या हाताची आरशातली प्रतिमाच. डाव्या तर्जनीवर विळ्याचा जुना व्रण होता, तोसुद्धा त्यानं या बोटावर उतरवला. जोड दिसू नये म्हणून हात मनगटापर्यंत मोज्यासारखा घेतला, आणि मूळचा अंगठाही आत गेला. सिलिकॉनच्या अंगठ्यात खरा अंगठा घट्ट बसला. चंदानं तो घातला तेव्हा तिची सासू दुर्गाबाई तोंडावर हात ठेवून बघत राहिली. गावातली पोरं हात लावून बघायला लागली. कुणीतरी व्हिडिओ काढला, तो फिरला, मग स्थानिक वर्तमानपत्रात फोटो आला. मूर्तिकारानं माणसाला हात दिला, असा मथळा होता. एका कार्यक्रमात दोघांचा सत्कार झाला. जीवनला बोलायला सांगितलं तर तो म्हणाला, "अठरा वर्षं देवाचे हात केले, आता माणसाचे करीन." टाळ्या पडल्या. ते वाक्य त्यानं आदल्या दिवशी जुळवून ठेवलं होतं.

त्यानंतर त्याला दिवसभर फोन यायचे. वाशीमहून, बुलढाण्याहून, थेट नागपूरहून. मे महिन्यातल्या एका दुपारी चंदाचाही आला.

"भाऊ, आंगठ्यापाशी आग होऊन रायली."

"हात नवा आहे बाई. सवयीनं होईन बरोबर. काढू नको, नाहीतर सवयच लागत नाही."

"बरं."

एवढंच. समोर दुसरा माणूस माप द्यायला बसला होता. अकोल्यात तेव्हा पारा पंचेचाळिशीला टेकला होता. रबरासारख्या बंद मोज्यात घामानं काय होत असेल, हा विचार त्याच्या मनाला शिवलाही नाही. चार दिवसांनी पुन्हा फोन वाजला, चंदाचंच नाव होतं. तो रंग कालवत होता. नंतर लावू म्हणाला आणि लावला नाही.

जूनमध्ये तो वर्तमानपत्राचं कात्रण चौकटीत बसवून तिला द्यायला गेला. चंदा ओसरीवर बसली होती. उजव्या हाताला मनगटापर्यंत पट्टी होती. त्याला बघून ती उठली आणि आधी तीच बोलली.

"भाऊ, तुमचा हात खराब झाला. पू लागला होता त्याले. मी धुऊन ठेवला, पण डाग निंगला नाही."

त्याला काही समजेना. "हाताले काय झालं?"

आधी आग झाली, मग आग थांबली. तिला वाटलं, भाऊ म्हणाले तशी सवय झाली. खरं तर घट्ट दाबामुळे आणि घामामुळे आतली कातडी सडत गेली होती आणि जागा बधिर झाली होती. वास यायला लागला तेव्हा हात काढला. अंगठा काळा पडला होता. डॉक्टरांना तो काढावा लागला.

दुर्गाबाई आतून आली. ती ओरडली नाही. जीवन नंतर सांगायचा की ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आंगठा होता तिले," ती म्हणाली. "चार बोटं गेली तरी त्या आंगठ्यानं थे भाकर थापे. मेथीची जुडी धरे. पोरीची वेणी घाले. तुमाले कोण सांगतलं होतं थो झाकाले?"

"मामी, राहू द्या," चंदा सासूला म्हणाली.

"काहून राहू देऊ? इचारून रायली मी."

उत्तर जीवनला ठाऊक होतं. अंगठा झाकला होता तो जोड दिसू नये म्हणून. बघणाऱ्यानं फसावं म्हणून. चौकट पिशवीतच ठेवून तो बसस्टँडवर आला. बस लागलेली होती तरी चढला नाही, दोन बसगाड्या सोडल्या.

घरी त्यानं साधनाला सगळं सांगितलं, फक्त फोनचं सोडून. तो फोन तिला सांगायला त्याला नऊ दिवस लागले. या नऊ दिवसांत त्यानं माप घेतलेल्या प्रत्येकाला फोन करून नाही म्हटलं, शेडला कुलूप लावलं आणि वडिलांच्या मळ्यात वांगी तोडायला जाऊ लागला. तोडताना त्याचं लक्ष स्वतःच्या अंगठ्याकडे जायचं. देठ धरायचा तर अंगठा. टोपली उचलायची तर अंगठा. बिडी पेटवायची तरी अंगठाच. पार्बताबाईनं विचारलं, "हात दुखते का रे?" तर तो म्हणाला, "नाही माय."

दहाव्या दिवशी मळ्यातच, साधना डबा घेऊन आली असताना, त्यानं फोनचं सांगितलं. एक नाही, दोन. तिनं त्याला जवळ घेतलं नाही की जाऊ द्या म्हटलं नाही.

"मंग आता काय करता? पुन्हा मूर्त्या?"

"माह्या हातानं आता काहीच होत नाही."

"तुमी वांगे तोडल्यानं तिचा आंगठा येत नाही," ती म्हणाली. "जे येत नव्हतं थे शिका. नाही शिकाचं त मंग तिच्या दारात जाऊन सांगा, का मी हौसेपाई तुह्या हाताशी खेळलो."

ते वाक्य त्याला लागलं, कारण ते खरं होतं. हौस होतीच. आणि ती हौस अजूनही मेली नव्हती, याची त्याला सगळ्यात जास्त लाज वाटायची. रडू येत असतानाच मनाचा एक कोपरा विचार करत होता, मोज्याला भोकं ठेवली असती तर?

अमरावतीत शेखर सर म्हणून एक जण होते. कृत्रिम पाय आणि हात बसवण्याचं रीतसर शिक्षण घेतलेले, पंचवीस वर्षं तेच काम करणारे. जीवन त्यांच्याकडे गेला आणि सगळं सांगून टाकलं, फोनसकट. सरांनी चष्मा काढला, पुसला.

"ती त्या हातानं काय काय करत होती?"

"म्हणजे कसं सर?"

"म्हणजे दिवसभरात. धुणं, स्वयंपाक, शेत, बाजार?"

"ते मी विचारलंच नाही सर."

"मग काय विचारलं?"

"नखाचा रंग."

सरांनी त्याला हाकललं नाही. उद्यापासून ये म्हणाले. तो सव्वा वर्ष अकोला-अमरावती जात-येत राहिला. पहिले तीन महिने प्लास्टर झाडणं, पट्टे कापणं आणि पेशंटजवळ नुसतं बसणं एवढंच काम. कृत्रिम पाय काढला की पेशंटच्या कातडीवरचे लाल चट्टे मोजायचे आणि लिहायचे. कुठे टोचतं, किती वेळानं टोचतं, उन्हात काय होतं. वयाची चाळिशी ओलांडलेला माणूस सरांच्या पंचविशीतल्या विद्यार्थ्यांच्या शेजारी बसून हाडांची नावं पाठ करायचा. मूर्ती करताना त्याला शीर कुठे दिसते ते ठाऊक होतं. ती कुठून निघते आणि दाबली तर काय मरतं, ते तो आता शिकत होता.

मग एका सकाळी तो पुन्हा चंदाच्या ओसरीवर गेला. वही घेऊन.

"चंदाबाई, तुमाले काय करता येत नाही ते सांगा."

तिनं आधी त्याच्याकडे संशयानं बघितलं. मग म्हणाली, "हात नोको मले आता."

"हात नाही करत. तुमी सांगा त खरं."

तिनं हळूहळू सांगितलं. मेथीची जुडी बांधता येत नाही. सुतळीचं एक टोक धरायला काही नाही. दातात धरून बांधते, तर बाजारातल्या बाया नाक मुरडतात. तो तिच्या शेजारी बसून दोन सकाळी ते बघत राहिला.

त्यानं जे केलं त्याचा फोटो कुणी काढला नसता. मनगटाला चामड्याचा पट्टा, त्यावर स्टीलची एक वाकडी पट्टी आणि चिमटा. सुतळी अडकवायची, ओढायची, बांधायची. दिसायला ते ओबडधोबड होतं. पहिला चिमटा निसटला, दुसरा जड झाला, तिसरा चंदानं ठेवून घेतला. सकाळी जुड्या बांधते, मग खुंटीला टांगून ठेवते. भाकरी मात्र तिला पुन्हा थापता आली नाही. ते काम आता सासूकडे आहे. जीवन त्या घरी गेला की दुर्गाबाई भाकरी थापत असेल तर तो बाहेरच थांबतो.

जुन्या शहरातल्या शेडमध्ये आता त्याचं हेच काम चालतं. खुरपं धरायचा पट्टा, सायकलचं हँडल धरायचा आकडा, एका शिंप्यासाठी कापड दाबून धरणारा चिमटा. त्याच्या कामावर भाषणं द्यायला त्याला कॉलेजात बोलावतात. आवडीच्या वाटेनं जा, असं पोरांना सांगा म्हणतात. तो जातो आणि अंगठ्याची गोष्ट सांगतो. पोरं अस्वस्थ होतात, एका प्राचार्यांनी तर नंतर नाराजीही दाखवली. शेखर सरांनी एकदा त्याला विचारलं, "किती दिवस सांगत राहणार हे?" तो म्हणाला, "सर, न सांगता मले काम करता येत नाही. विसरलो त पुन्हा कोणाचा तरी फोन नाही उचलणार मी."

चंदानं त्याला कधी दोष दिला नाही. त्यामुळे माफीही दिली नाही. ती त्याला भाऊच म्हणते, दिवाळीला फराळाचं देते. दुर्गाबाई मात्र त्याच्याशी तीन वर्षं एक शब्द बोलली नाही.

गेल्या महिन्यात एक म्हातारा शेडच्या दारात येऊन उभा राहिला. धोतर, टोपी, उजवी बाही कोपरापाशी गाठ मारलेली. नाव खुशालराव. चंदाच्याच गावचा.

"दुर्गाबाईनं धाडलं," तो म्हणाला. "म्हणे, आदी त्याले सारं इचारू दे. मंगच माप देजो."

जीवनला बरं वाटलं आणि बरं वाटल्याबद्दल लगेच वाईटही वाटलं. त्यानं खुर्ची पुढे केली, पाणी दिलं, वही उघडली.

"बाबा, सकाळी उठल्यापासून सांगा. पहिल्यांदा काय करता?"

खुशालरावांनी जरा विचार केला.

"पयले तंबाखू चोळतो. म्हंजे चोळत होतो. आता शेजाऱ्याले चोळून मांगा लागते, अन् थो चुना जास्त टाकते."

"चुना जास्त टाकते," जीवननं लिहून घेतलं. "मग?"