आत नेलेला डबा

डबा टेबलावर होता. स्टीलचा, उंच, झाकणाला चिकटपट्टी मारलेला. वरच्या कागदावर श्वेताचं नाव. मी सोफ्याच्या कडेला बसले होते आणि डबा मला न्यायला द्यायचा म्हणूनच बाहेर काढून ठेवलाय, हे मला दिसत होतं.

घर श्वेताच्या आईवडलांचं. लातूरच्या आडतबाजारात खाली दुकान, वर घर. श्वेता आणि मी आयर्लंडमध्ये एका भाड्याच्या घरात राहतो. ती कॉम्प्युटरच्या कंपनीत, मी म्हाताऱ्या माणसांच्या केअर होममध्ये नर्स. परदेशात राहणाऱ्या आपल्या पोरापोरींची एक रीत आहे. सुट्टीला कुणी गावी निघालं की परतताना त्यानं बाकीच्यांच्या घरचे डबे आणायचे. म्हणून मी निलंग्याहून एसटीनं लातूरला आले होते.

काकू फार गोड बोलल्या. पाणी दिलं. श्वेताचे केस अजून गळतात का, सोमवार धरते का, सगळं विचारलं. धपाटे सकाळीच केलेत, शेंगांची चटणी आहे, आमटीला लावायचा येसर आहे, असं सांगितलं. मग गाव विचारलं. मग वडील काय करतात. एसटी डेपोत गाड्या धुतात, मी म्हणाले. काकूंची नजर माझ्या गळ्यातल्या साखळीवर गेली. साखळीत छोटा क्रूस आहे.

"चर्चला जाता का तुमी?"

"हो काकू. आम्ही ख्रिश्चन."

"ते झालं गं. मूळचे कोण?"

हा प्रश्न मला नवा नाही. पणजोबांपासून आम्ही ख्रिश्चन, असं मी म्हणाले. त्याच्या आधी कोण, असं त्यांनी विचारलं. मी गप्प बसले. आमच्याकडं या प्रश्नावर कुणी गप्प बसलं की समोरच्याला जे कळायचं ते कळतं. काकू उठल्या. डबा उचलला, पोटाशी धरला आणि आत गेल्या. ओट्यावर स्टील टेकल्याचा आवाज मी ऐकला. कपाट उघडल्याचाही ऐकला. बाहेर आल्या तेव्हा हातात दुकानाची पिशवी होती. फरसाणाची पाकिटं, लोणच्याची बरणी.

"डबा जड व्हईल माय तुला. हेच ने. सीलबंद हाय, वाटेत काई व्हायचं न्हाई."

मी पिशवी घेतली. थँक्यू काकू, असंही म्हणाले. जिना उतरताना त्या थँक्यूची मला इतकी चीड आली की खाली रस्त्यावर येऊन मी थोडा वेळ नुसती उभी राहिले.

एसटीत बसल्यावर स्वतःशी वाद घातला. खरंच वजनाचा विचार केला असेल. विमानात सांडेल म्हणून काढून घेतला असेल. मी संशयी आहे, हे मला मान्य आहे. पण माझा संशय काही आभाळातून पडलेला नाही. आमची वस्ती गावाच्या बाहेर, तिला गाव अजून मांगवाडाच म्हणतं. चर्च झालं, घंटा आली, नावं बदलली, पण वस्तीचं नाव तेच राहिलं. पाटलाच्या घरी लग्न असलं की आम्हाला सगळ्यात शेवटी बोलावणं यायचं आणि पंगत मागच्या अंगणात. पप्पा सांगायचे, कुणी विचारलं तर ख्रिस्ती म्हणायचं आणि गप बसायचं. मी तेच करत आले. हसणाऱ्या माणसाच्या हाताकडं आधी बघायचं, ही सवय मला तेव्हापासून लागली.

आयर्लंडला गेले तेव्हा वाटलं, इथं तरी कुणाला काही माहीत नाही. पण संशय काही विमानतळावर राहिला नाही, सामानाबरोबर आला. पहिल्या रविवारी चर्चमध्ये एका आजीबाईंनी विचारलं, तू ख्रिश्चन केव्हा झालीस? जन्मापासून, म्हणाले. त्यांना ते पटलं नाही. पुढच्या रविवारी त्यांनी मला जुन्या स्वेटरांची पिशवी दिली. थंडी मरणाची होती, म्हणून मी घातले. पण प्रत्येक स्वेटर घालताना वाटायचं, हे बहिणीला दिलंय की भिकाऱ्याला? केअर होममधले एक आजोबा मी खोलीतून निघाले की पाकीट तपासायचे. नंतर कळलं, ते सगळ्यांच्याच मागं तपासतात. म्हणजे माझा संशय कधीकधी चुकतोही.

आमच्या भाड्याच्या घरात श्वेताजवळ तेवढी मी निवांत असायचे. एकदा मी ठेच्याच्या मिरच्या तव्यावर भाजल्या आणि धुराचा भोंगा असा ओरडला की आम्ही दोघी घरातल्या कपड्यांत, अनवाणी, थंडीत रस्त्यावर. शेजारचे म्हातारे गृहस्थ घोंगडी घेऊन धावत आले. आग कुठंय, आग कुठंय? श्वेता हसून हसून फुटपाथवर बसली. परत आत आल्यावर तिनं तोच ठेचा भाकरीला लावून खाल्ला आणि म्हणाली, तुझ्या हाताला आमच्या लातूरची चव हाय. स्वयंपाक माझ्याकडंच असायचा. तिला भाकरी थापता येत नाही. मी थापायची, ती खायची. आजारी पडली तेव्हा मी भरवलंही. तिच्या हाताकडं मी कधी बघितलं नाही. गरजच वाटली नाही.

सुट्टीवरून परतले आणि श्वेताला पिशवी दिली. तिनं पाकिटं बघितली, ठेवून दिली. विचारलं काहीच नाही. पण त्या दिवसापासून बोलणं तुटक. चहा तिचा तिनं करून घ्यायचा. मी मनात म्हणाले, आईनं सांगितलं वाटतं मूळ काय ते. मग वाटलं, उगाच काहीतरी. ऑफिसचा ताण असेल. रविवार येईपर्यंत मी असाच डोक्याला भुंगा लावून घेतला.

रविवारी महेश जेवायला आला. श्वेताच्या ऑफिसातला, नांदेडचा. मी वांग्याची भाजी आणि ज्वारीच्या भाकरी केल्या होत्या. पहिला घास घेऊन तो मला म्हणाला, "काय मॅडम, आमच्या वाट्याचे धपाटे लातूरलाच सोडून आल्या म्हणं? वजन व्हायलं होतं?"

मी विचारलं, असं कोण म्हणालं? महेशनं श्वेताकडं बघितलं. श्वेता हळूच म्हणाली, "जाऊ दे ना. आईनं सांगितलं मला, तू डबा नको म्हणलीस. मी तुला काही बोलले का?"

म्हणजे डबा मी नाकारला होता. तिच्या आईनं पहाटे उठून केलेलं मी ओझं म्हणून टाकून आले होते. आणि श्वेता मोठ्या मनानं मला माफ करत होती. माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या.

मी सगळं सांगितलं. डबा कुठं होता, काय विचारलं, मी काय बोलले, कुठं गप्प बसले, डबा आत कसा गेला. आवाज चढवला नाही. महेश ताटाकडं बघत बसला. श्वेता म्हणाली, तुला सगळीकडं तेच दिसतं, माझी आई तसली नाही. मी म्हणाले, लाव फोन.

तिनं लावला. स्पीकरवर. मलाही भीती होती. काकूंनी साधं काही कारण सांगितलं असतं तर मी हात जोडून माफी मागणार होते.

"काकू, मी बोलते. तो डबा तुम्ही आत का नेला?"

पलीकडं टीव्ही चालू होता. तो बंद झाला. मग काकू बोलल्या, पण माझ्याशी नाही.

"श्वेता, तिथं तू हिच्या हातचं खातीस का गं?"

श्वेताच्या बोटांना वांग्याचा रस्सा लागलेला होता. तिनं माझ्याकडं बघितलं. मग फोनकडं बघितलं.

"न्हाई आई. आमचं येगयेगळं असतं."

"मंग ठीक हाय," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला.

काकूंबद्दलचा माझा संशय खरा निघाला. त्याचं मला काही वाटलं नाही. पण ज्या एका माणसावर मी कधी संशय घेतला नव्हता, ते माणूस माझी भाकरी हातात धरून खोटं बोललं होतं. मला रडू आलं. ते मी लपवलं नाही. श्वेता म्हणाली, आईला बीपी आहे, तिला कशाला त्रास द्यायचा, एवढ्याशा खोट्यानं तुझं काय गेलं?

मी तिला म्हणाले, "ताटातलं आहे ते जेव. यापुढं तुझ्यासाठी मी भाकरी थापणार नाही. आईला खरं सांगशील, त्या दिवशी वाढीन."

तिनं अजून सांगितलेलं नाही. स्वतःसाठी वेगळी कढई आणलीय. महेश मला एकदा म्हणाला, शेवटी तिच्या आईला पाहिजे होतं तेच झालं की, तुमचं वेगवेगळं झालं. मी त्यावर रात्रंदिवस विचार केला. नाही, तसं झालेलं नाही. काकूंनी मला दूर ठेवलं ते मी कोण आहे म्हणून. मी श्वेताला दूर ठेवलंय ते ती काय बोलली म्हणून. तिला परत यायला एक वाक्य पुरेल. मला काकूंच्या घरात जायला असं कुठलंच वाक्य नाही.

घर मी सोडलेलं नाही, सोडणारही नाही. करारावर माझीही सही आहे, चूलही माझी आहे. माझ्याकडं अजून माणसं येतात, लातूरची, नांदेडची, अर्धापूरची. घरच्या चवीला सगळे आसुसलेले असतात. मी करते, मनापासून करते. पण आता दारातच एक विचारते. उद्या तुमच्या घरून फोन आला, कुणाकडं जेवलात म्हणून विचारलं, तर माझं नाव सांगाल का? जो हो म्हणतो, त्याच्यासाठी ताट मांडते. जो घुटमळतो, त्याला चपला काढू देत नाही.